गेटवर सीएसआरचा बोर्ड, आत अडकलेली बिलं: कंपनीची जबाबदारी सुरू कुठून होते?

मोल्डवाला_जळगाव

नमस्कार मंडळी,

जळगाव एमआयडीसीत माझं मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. ठिबकचे जोड, टोप्या, पाइपाच्या फिटिंग असा माल काढतो. एका मोठ्या कंपनीला बरीच वर्षं पुरवठा करतोय. नाव लिहिणार नाही, आणि कृपया कुणी अंदाजही बांधू नका. मला भांडण करायचं नाही, प्रश्न समजून घ्यायचा आहे.

मध्यंतरी त्यांच्या गेटवर मोठा बोर्ड लागला. सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) म्हणून काय काय केलं त्याची यादी: शाळेला संगणक, डोळे तपासणी शिबिर, नाला खोलीकरण. कामं खरोखर झालेली आहेत. ती शाळा मी पाहिली, संगणक चालू आहेत, पोरं त्यावर बसतात. त्याबद्दल मनात आकस नाही.

मी मात्र तिथे गेलो होतो थकलेल्या बिलांसाठी. तिथली पद्धत सांगतो. माझी गाडी आत गेली की स्टोअरचा माणूस चलनावर सही करतो, पण तारीख घालत नाही. तारीख पडते क्वालिटीचा शिक्का बसल्यावर. दरम्यान माल लाइनवर लागतो, वापरून होतो, तयार माल डीलरकडे रवाना होतो, आणि मग कधीतरी शिक्का बसतो. अकाउंटवाले त्या शिक्क्यापासून दिवस मोजतात. विचारायला गेलं की अकाउंटवाले स्टोअरकडे बोट दाखवतात, स्टोअरवाले क्वालिटीकडे, आणि क्वालिटीचे साहेब मीटिंगमध्ये.

इकडे मला प्लॅस्टिकचा दाणा रोखीनं घ्यावा लागतो. पोरांचा पगार दहा तारखेच्या आत झालाच पाहिजे, त्यांच्या घरी चूल त्यावर पेटते. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा) पूर्ण वापरलेली. म्हणजे त्या कंपनीच्या खेळत्या भांडवलाचा एक हिस्सा माझ्या सीसीतून चालतो आणि व्याज मी भरतो.

तर प्रश्न असा. कंपनीची समाजाबद्दलची जबाबदारी नफा हातात आल्यावर सुरू होते, की नफा मिळवतानाच? शाळेतली पोरं जर समाज असतील, तर माझ्या मशीनवर बसणाऱ्या पोराची घरची पोरंही समाजच आहेत ना? यातलं कायद्यात काय येतं आणि नीतीत काय येतं, जाणकारांनी सांगावं.

कंपनी_सचिव_भुसावळ

दादा, धागा चांगला काढलात. मी मूळची भुसावळची, पुण्यात कंपनी सेक्रेटरीचं काम करते. आधी कायद्याचं सांगते, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

सीएसआर म्हणजे कंपनी कायदा 2013 चं कलम 135. ते 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एकही असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. कोणती कामं चालतात ते परिशिष्ट 7 मध्ये दिलंय: शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, ग्रामविकास वगैरे. कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कलमातच आहे. 2021 पासून नियम कडक झाले. खर्च न झालेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर वेगळ्या खात्यात टाकावी लागते, नाहीतर परिशिष्टात दिलेल्या निधीत जमा करावी लागते. नाही केलं तर दंड.

आता महत्त्वाचं. जी कामं कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग आहेत ती सीएसआरमध्ये धरत नाहीत. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याची कामं धरत नाहीत. दुसऱ्या कायद्यानं जे करणं बंधनकारकच आहे तेही धरत नाहीत. सांडपाणी शुद्ध करणं हे 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखालचं कर्तव्य आहे, ते केल्याबद्दल बोर्ड लावता येत नाही. पुरवठादाराला वेळेवर पैसे देणंही त्यातलंच.

तुमचं बिल येतं ते 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी, आहे ना तुमची? सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. करारात 90 दिवस लिहून घेतले असतील तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवताही येत नाही.

आणि त्या शिक्क्याचं. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. क्वालिटीचा शिक्का कधी बसला याला काही अर्थ उरत नाही. तुमच्याकडे गाडीची ई-वे बिलं असतील, ट्रान्सपोर्टची पावती असेल. ती जपून ठेवा.

मोल्डवाला_जळगाव

ताई, मनापासून आभार. उद्यम नोंदणी आहे. 15 दिवसांचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या सीएनंही नाही.

तापीकाठ

वाचतोय. फार जिव्हाळ्याचा विषय.

अमळनेरचे_सर

मी वाणिज्य शिकवत होतो, आता निवृत्त. मूळ प्रश्न नीतीचा आहे, म्हणून थोडं मागे जातो.

धंद्याची जबाबदारी कोणाला, यावर दोन मोठे विचार आहेत. पहिला मिल्टन फ्रीडमन यांचा. 1970 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात त्यांनी लिहिलं की व्यवस्थापक हा मालकांचा, म्हणजे भागधारकांचा नोकर आहे. नफा वाढवणं हीच त्याची जबाबदारी. दुसऱ्याच्या पैशावर समाजकार्य करायचा त्याला अधिकार नाही. दुसरा एडवर्ड फ्रीमन यांचा, 1984 चा. कंपनीच्या वागण्यानं ज्याचं बरंवाईट होतं तो प्रत्येक जण हितसंबंधी आहे: कामगार, पुरवठादार, ग्राहक, शेजारचं गाव, कर्ज देणारी बँक. भागधारक हा त्यातला एक.

आपल्याकडे पहिल्या विचाराचं नाव घेऊन वाट्टेल ते खपवलं जातं, म्हणून सांगतो. फ्रीडमननी नफ्याला अट घातली होती: समाजाचे मूलभूत नियम पाळून, आणि त्यात कायद्यातले नियम आले तसे रूढ नीतीतलेही आले. तेव्हा पुरवठादाराचे पैसे अडवून नफा दाखवणं त्यांच्या हिशेबातही बसत नाही. दोन्ही विचार इथे एकाच बाजूला उभे राहतात.

तिसरं नाव आर्ची कॅरल. 1991 मध्ये त्यांनी जबाबदारीचा पिरॅमिड मांडला. तळाला आर्थिक, म्हणजे धंदा टिकला पाहिजे. त्यावर कायदेशीर. त्यावर नैतिक, म्हणजे कायद्यानं सक्ती नसतानाही जे रास्त आहे ते करणं. आणि सगळ्यात वर, टोकाला, परोपकार. मोल्डवाला भाऊंनी सांगितलेल्या कंपनीनं टोकावरची जागा भरली आणि मधले दोन मजले रिकामे ठेवले.

चौथा विचार आपल्या मातीतला. गांधीजींची विश्वस्ताची कल्पना. संपत्ती ज्याच्या हातात आली तो तिचा मालक नसून राखणदार आहे. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलं. त्या काळी इथे हे शब्द घरोघरी पोचले होते. आमच्या अमळनेरला प्रतापशेठांनी गिरणी काढली आणि त्याच पैशातून तत्त्वज्ञान मंदिरही उभं राहिलं, 1916 साली. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था, हे मला आजही विलक्षण वाटतं. पण शेठ लोकांची उदारता सांगताना गिरणी बंद पडल्यावर कामगारांच्या घरांचं काय झालं हेही सांगावं लागतं. दान एका माणसाच्या मनावर असतं. देणं हे हिशेबाच्या वहीत असतं, आणि माणूस गेला तरी ते फिटेपर्यंत तिथेच राहतं.

सूत_आणि_सरकी

सगळ्यांचा मान राखून वेगळं लिहितो. माझं धुळ्याला जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. नीतीच्या गोष्टी मलाही पटतात. पण माझ्या शेजारचा माणूस बिलाशिवाय कापूस घेतो, बिलाशिवाय सरकी विकतो, कामगारांना रोख देतो, पीएफ नाही, विमा नाही. त्याची गाठ माझ्यापेक्षा स्वस्त पडते. व्यापारी माझ्याकडे बघतो आणि विचारतो, तुम्हाला का परवडत नाही? काय सांगू त्याला?

मोठ्या कंपनीला दोन टक्के झेपतात. आमच्यासारख्याला प्रामाणिकपणाची किंमत रोजच्या रोज मोजावी लागते, आणि ती भरून द्यायला कोणी येत नाही. ताईंनी सांगितलेला कायदा ठीक आहे, पण केस टाकली की ऑर्डर बंद. एका खरेदीदारानं तर मला तोंडावर सांगितलं, उद्यम नोंदणी काढून टाका, नाहीतर दुसरीकडून घेऊ. सरांनी यावर सांगावं.

नवती_कांदेबाग

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. जिनिंगवाल्या दादांच्या प्रश्नाला उत्तर नाही, पण आमच्याकडे रोज काय घडतं ते लिहितो.

केळीचा भाव जाहीर होतो. कागदावर तो एक असतो, बागेत आल्यावर दुसरा. कापणीच्या दिवशी व्यापाऱ्याची माणसं येतात, घड कापतात, पानांवर मांडतात. व्यापारी बागेत फिरतो आणि म्हणतो, माल हलका आहे, पट्टी पडलीय, वरून भाव तुटला. घड झाडावर असताना भाव ठरलेला असतो, घड खाली उतरल्यावर तो बदलतो. कापलेला घड परत झाडाला लावता येत नाही, हे त्याला माहीत असतं. मग दांड्याची घट, मग काट्यावरची घट. काटा त्याचा, चिठ्ठी त्याची, पेन्सिलनं लिहिलेली. पैसे माल दिल्लीला विकला गेल्यावर.

आता दुसरा व्यापारी सांगतो, आमच्याच पट्ट्यातला. त्याचा नियम आहे: भाव आदल्या संध्याकाळी फोनवर पक्का, आणि दुसऱ्या दिवशी बाजार पडला तरी तोच. गाडी आधी रिकामी आणि मग भरलेली, दोन्ही वेळा गावातल्या धर्मकाट्यावर, शेतकऱ्यासमोर. पावती छापील. पैसे ठरलेल्या दिवशी बँकेत. बाजार अचानक कोसळला तेव्हा त्यानं तोटा सोसलेला आम्ही पाहिला. आज अख्ख्या शिवारातला चांगला माल आधी त्याला विचारून जातो. भाव दोन पैसे कमी असला तरी लोक त्याला देतात. त्यानं गावात कधी काही दान केलेलं मला माहीत नाही. पण त्याच्या गाडीमागे कोणी काटा तपासायला जात नाही.

जिनिंगवाले दादा, तुमच्या शेजाऱ्याची गाठ आज स्वस्त आहे. पण त्याच्याकडे कापूस घेऊन जाणारा शेतकरी दुसऱ्या वेळी कुठे जातो, ते बघा.

सूत_आणि_सरकी

भाऊ, शेतकरी जिथे रोख मिळते तिथे जातो. दिवाळीच्या तोंडावर घरात पैसा नसतो त्याच्या. काट्यात मारलं जातंय हे त्यालाही कळतं. तरी जातो, कारण दुकानदाराचं बियाण्याचं देणं उभं असतं.

नवती_कांदेबाग

हे खरं आहे. खेडा खरेदीत आमच्याकडेही असंच होतं. अडलेल्या माणसाला पर्याय नसतो. मला वाटतं नीतीची खरी गरज नेमकी तिथेच आहे, जिथे समोरचा निघून जाऊ शकत नाही.

पांझरा_किनारा

जिभाऊ, लाख बोलनात. मना बाप म्हने, मापमा खोट करीसन देवळले दान दिधं त ते कोनले पावस?

लाइन_सुपरवायझर

मी एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेली सुपरवायझर आहे. जिल्हा सांगत नाही. इथे सगळे मालकांच्या बाजूनं बोलताहेत, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

आमच्या बायकांचा पगार बँकेत येतो. कागदावर किमान वेतनाइतका पूर्ण. पगाराच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस एटीएमच्या बाहेर उभा असतो. आत जाऊन पैसे काढायचे, आणि ठरलेली रक्कम बाहेर त्याच्या हातात द्यायची. नाही दिली तर उद्यापासून गेट पास बंद. कंपनीच्या अहवालात लिहिलेलं असतं की सगळ्यांना कायद्यानुसार वेतन मिळतं. अहवाल लिहिणाऱ्या साहेबाला एटीएमजवळचं माहीत नसेलही. पण त्यानं कधी बायकांना बसवून विचारलंही नाही.

दुसरं, लैंगिक छळाविरुद्धच्या समितीचं. भिंतीवर फलक आहे. त्यावर ज्या मॅडमचं नाव अध्यक्ष म्हणून आहे त्या नोकरी सोडून गेल्या. खाली लिहिलेला फोन लागत नाही. ठेकेदाराकडच्या बायकांनी तक्रार कोणाकडे करायची, हे कोणी सांगितलेलं नाही. बाकी तपशील इथे लिहीत नाही.

महिला दिनाला मात्र आम्हाला गुलाबाचं फूल मिळतं आणि फोटो निघतो.

कंपनी_सचिव_भुसावळ

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. दोन गोष्टी नक्की सांगते.

ठेकेदारानं वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर मूळ मालकाला, म्हणजे कंपनीला ते भरून द्यावं लागतं. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हे तत्त्व आहे, नव्या कामगार संहितेतही ते कायम आहे. "ती आमची माणसं नाहीत, ठेकेदाराची आहेत" हे उत्तर कायद्याला चालत नाही.

समितीचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर 2013 चा कायदा आला. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच, आणि "कर्मचारी" या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेल्याही येतात. समिती नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. समितीत बाहेरची एक सदस्य असते, तिच्याकडे जाता येतं. जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. एकट्या जाऊ नका, दोघीतिघी मिळून जा.

आणि एक, सगळ्यांसाठी. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, जबाबदारीचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो, बीआरएसआर म्हणतात त्याला. नऊ तत्त्वांवर तो असतो: सचोटी, सुरक्षित उत्पादन, कर्मचाऱ्यांचं हित (पुरवठा साखळीतल्यांचंही), हितसंबंधीयांचं ऐकणं, मानवी हक्क, पर्यावरण वगैरे. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. आपल्या भागात कारखाना असलेल्या कंपनीचा अहवाल उघडून तक्रारींचा रकाना बघा. तिथे शून्य असेल तर विचारा की तक्रार करायची सोय कुठे आहे.

अनेर_खोरे

शिरपूर तालुक्यातून लिहितोय. 31 ऑगस्ट 2019 ची सकाळ आमच्या तालुक्यात कोणी विसरणार नाही. वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, दहाहून जास्त माणसं गेली, कितीतरी भाजली. आवाज लांबच्या गावांत ऐकू गेला. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आत काय साठवलेलं होतं? शेजारी राहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. धूर विषारी आहे का, पळायचं कोणत्या दिशेला, काही कळत नव्हतं.

भोपाळ होऊन किती वर्षं झाली होती बघा. 2 आणि 3 डिसेंबर 1984 ची रात्र. त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. 1987 मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम 41ब (2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत ते लागू होतं) सांगायचं की धोक्याची माहिती कामगारांना, निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या जनतेला द्यायची. जनतेला, हा शब्द कायद्यात आहे. म्हणजे ग्रामपंचायतीनं मागायची वाट न बघता कारखान्यानं ते येऊन सांगायचं असतं. किती गावांत कोणी येऊन सांगितलं?

माझी इथल्या सगळ्यांना विनंती आहे. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देताना 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. तीस दिवस आधी सूचना निघते, अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. त्या सुनावणीत आपली माणसं नोकऱ्या किती देणार एवढंच विचारतात. नोकरीचा प्रश्न बरोबर आहे. पण साठा किती, टाक्या कुठे, आग लागली तर पाण्याचा बंब किती वेळात, जवळच्या दवाखान्यात भाजलेल्यांसाठी खाटा किती, हेही विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. कंपनीनं नंतर गावात मंदिर रंगवून दिलं तरी त्या लिहिलेल्या उत्तराची जागा ते घेऊ शकत नाही.

तापीकाठ

अनेर_खोरे, शंभर टक्के अनुमोदन. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

ठेव_अडकली

आमची गोष्ट कारखान्याची नाही, पतसंस्थेची आहे. चोपड्याकडची मी. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे जादा व्याजाच्या आशेनं ठेवले होते. संस्थेच्या वार्षिक सभेत जेवण असायचं, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हायचा, मलाही एकदा दप्तर मिळालं होतं. कर्जं मात्र संचालकांच्या नातेवाइकांना, तारणाशिवाय. संस्था बुडाली तेव्हा कळलं. वडील शेवटपर्यंत पावत्यांची पिशवी घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहिले. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे ठेव ठेवताना आम्हाला कोणी सांगितलं नाही. पुढे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या 1999 च्या कायद्याखाली लोकांनी तक्रारी केल्या, काहींना थोडं मिळालं.

मला एवढंच विचारायचंय की संचालक मंडळात "नाही" म्हणणारा एकही माणूस का नव्हता?

अमळनेरचे_सर

ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न हा सगळ्या कंपनी कारभाराचा गाभा आहे.

संचालक हा दुसऱ्यांच्या पैशाचा राखणदार असतो. जिथे त्याचा स्वतःचा किंवा नातेवाइकांचा संबंध येतो, तिथे त्यानं आधी तो जाहीर करायचा आणि निर्णयाच्या वेळी बाजूला व्हायचं. याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. ही गोष्ट मोडली की बाकीचं सगळं मोडतं. सत्यमचं उदाहरण घ्या. हैदराबादची कंपनी, नामवंत स्वतंत्र संचालक, मोठी ऑडिट फर्म. 2008 मध्ये तिला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. त्याच्या काही आठवडे आधी कंपनीच्या पैशानं अध्यक्षांच्या मुलांच्या कंपन्या विकत घ्यायचा ठराव आला होता, आणि संचालक मंडळानं तो मंजूर केला होता. भागधारक भडकले म्हणून तो मागे घ्यावा लागला.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो, पुरस्कार बघू नका, इतिवृत्त बघा. कोणत्या ठरावाला कोणी विरोध नोंदवला? वर्षानुवर्षं एकही विरोध नसेल तर चौकशी करा.

आता जिनिंगवाल्या भाऊंचा प्रश्न. प्रामाणिकपणाची किंमत एकट्यानं मोजायची का? माझं मत, नाही. एकट्यावर टाकली तर माणूस मोडतो. म्हणूनच कायदा आणि संघटना लागते. शेजारच्या जिनिंगवर पीएफ लागू होणं ही तुमचीही गरज आहे. जिनिंगवाल्यांच्या संघटनेनं काट्यांची एकत्र तपासणी मागितली, सगळ्यांनी एकाच दिवशी छापील पावती सुरू केली, तर कोणा एकाचं नुकसान होत नाही. सराफ बाजारात झालंच ना? जून 2021 पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली, 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा क्रमांक सक्तीचा झाला. सुरुवातीला विरोध झाला. पण जो आधीपासून चोख सोनं देत होता त्याचं काहीच बिघडलं नाही, उलट त्याच्या चोखपणाला पुरावा मिळाला.

सूत_आणि_सरकी

सर, हे पटलं. संघटनेत मांडतो. एकत्र काटे तपासणीला निदान सातआठ जण तयार होतील असं वाटतं.

मोल्डवाला भाऊ, एक विचारू का, राग मानू नका. तुम्ही तुमच्या डायवाल्याला, म्हणजे साचे बनवणाऱ्याला, पैसे कधी देता?

मोल्डवाला_जळगाव

राग कसला, विचारायलाच हवं. डायवाल्याला अर्धे ऑर्डरसोबत, उरलेले ट्रायल पास झाली की त्या महिन्यात. मोठ्या कंपनीकडून उशीर झाला तर त्याला आधी फोन करतो आणि तारीख सांगतो. त्याच्याकडे दोनच माणसं आहेत, त्याला थांबवलं तर त्याचं दुकान बंद पडेल.

बोरी_नदी

अमळनेरचं नाव निघालं म्हणून एक भर. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे तीच विप्रो झाली. 1966 मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी परत आले. त्या काळात गावातल्या अनेकांनी शेअर घेतले आणि धरून ठेवले, आणि कितीतरी घरं त्यावर उभी राहिली हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. प्रेमजींनी पुढे आपल्या संपत्तीचा मोठा वाटा शिक्षणाच्या कामाला दिला, त्याबद्दल आदरच आहे. पण आमच्या गावाला जे मिळालं ते भागीदार म्हणून मिळालं. लाभार्थी आणि भागीदार यांत फरक आहे, आणि कंपन्यांनी गावाकडे बघताना तो लक्षात घ्यावा असं मला कळकळीनं वाटतं.

कंपनी_सचिव_भुसावळ

बोरी_नदी, सुंदर मुद्दा.

मोल्डवाला दादा, आता तुमच्या कामाचं. केस हा शेवटचा उपाय. त्याआधी तीन गोष्टी करा.

पहिलं, लेखी पत्र. प्रत्येक बिलाची माल पोचल्याची तारीख, 45 वा दिवस, आजवरचं व्याज, असा तक्ता जोडा. भाषा सौम्य ठेवा. पत्र खरेदी विभागाऐवजी कंपनीच्या वित्त प्रमुखाला आणि कंपनी सचिवाला पाठवा. त्यांना हे पत्र महत्त्वाचं वाटेल, कारण 45 दिवसांवरच्या थकबाकीचं विवरण त्यांना दर सहा महिन्यांनी कंपनी निबंधकाकडे भरावं लागतं आणि ताळेबंदातही दाखवावं लागतं. शिवाय 2023 च्या वित्त कायद्यानं आयकरात 43बी(एच) हे कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी धरला जातो. मार्चअखेर थकलेली तुमची बिलं म्हणजे त्यांच्यावर जादा कर.

दुसरं, ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणारे हे मंच आहेत. तुमचं बिल खरेदीदारानं तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला दोनतीन दिवसांत पैसे मिळतात. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी बहुतेकांनी केलेली असते, बिलं मात्र टाकत नाहीत. आग्रह धरा.

तिसरं, पुढच्या गाडीपासून गेटवरच चलनावर तारीख आणि वेळ घ्या. ड्रायव्हरला सांगून ठेवा, तारखेशिवाय चलन घेऊन यायचं नाही.

यानंतरही नाही झालं तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, तो असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. कौन्सिलच्या निर्णयाला खरेदीदारानं आव्हान द्यायचं ठरवलं तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. जे नुसते व्यापारी आहेत त्यांना मात्र या तरतुदीचा लाभ मिळत नाही, इथे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

लाइन_सुपरवायझर

ताई, आम्ही चौघी मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आलो. स्थानिक समितीचा पत्ता आणि नाव मिळालं. एटीएमचं सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी दिलंय. तिथल्या बाईंनी आमच्याकडून पासबुकाच्या प्रती मागितल्या आणि नीट ऐकून घेतलं.

नवती_कांदेबाग

ताई, फार धीराचं काम केलंत. पुढे काय होतं ते कळवत राहा.

मोल्डवाला_जळगाव

थोडं पुढचं सांगतो. पत्र पाठवलं, तक्ता जोडून. आठवडाभर काही नाही. मग वित्त विभागातून फोन आला, खरेदीवाल्यांना न सांगता थेट मला. बोलणं सभ्य होतं. गेटवर तारीख घालायची सूचना स्टोअरला गेली, आणि मागच्या गाडीच्या चलनावर पहिल्यांदा सहीखाली तारीख आणि वेळ दोन्ही आले. जुन्या बिलांपैकी सगळ्यात जुनी दोन खात्यात जमा झाली. ट्रेड्सबद्दल "बघतो" म्हणाले. एक मात्र झालं, खरेदी विभागातल्या साहेबांनी नव्या डायच्या चौकशीत यावेळी मला बोलावलं नाही. काय होतं ते बघू. मी पत्र मागे घेणार नाही.

सूत_आणि_सरकी

व्याजाचं काय केलं भाऊ? सोडलं?

मोल्डवाला_जळगाव

सोडलेलं नाही. आधी सगळं मुद्दल येऊ द्या असं त्यांना सांगितलंय, आणि व्याजाचा रकाना तक्त्यात तसाच ठेवलाय. दर महिन्याच्या एक तारखेला नवा आकडा घालून तो तक्ता वित्त प्रमुख आणि कंपनी सचिव दोघांना मेल करतो. ताई, पत्राचा आणि तक्त्याचा नमुना कंपनीचं नाव काढून इथे टाकतोय. ज्याला लागेल त्यानं वापरावा.